घराभोवतीचे वाफे: झाडांच्या यादीआधीची कामं

प्रश्न थोडक्यात असा: घर नुकतंच बांधून झालंय. चारही बाजूंना अडीच-तीन मीटर रुंदीची मोकळी पट्टी आहे. घरातले दोघंही दिवसभर बाहेर असतात आणि बागेला आठवड्यातून फार तर दोन तास देता येतील. "घराभोवती वाफे करायचे आहेत, फारशी देखभाल लागणार नाही अशा झाडांची यादी द्या."

यादी देतो, पण शेवटाकडे. लोकांच्या घराभोवती बागा लावण्यात माझी वीसेक वर्षं गेली, आणि त्यात एक गोष्ट वारंवार पाहिली. कमी देखभाल हा झाडाचा गुण क्वचितच असतो. तीच तगर एका घरी दहा वर्षं कात्री न लागता सुखाने उभी आहे आणि दुसऱ्या घरी दर महिन्याला छाटावी लागते. पहिल्या घरी ती भिंतीपासून दीड मीटरवर लावली होती, दुसऱ्या घरी खिडकीच्या बरोबर खाली. झाडाने दोन्हीकडे आपलं काम चोख केलं.

बागेतला वेळ जातो तो तण काढण्यात, पाणी देण्यात आणि छाटणीत. त्यातही तण सगळ्यात भारी. या तिन्ही कामांचे पुढच्या दहा वर्षांचे तास पहिलं रोप आणण्याआधीच ठरून गेलेले असतात. म्हणून तुमचे आठवड्याचे दोन तास पहिले काही महिने रोपं लावण्यात घालू नका. पहिले तीन-चार आठवडे तर नुसतं बघा.

बघायचं म्हणजे काय? सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता घराभोवती एक फेरी मारा आणि कुठे ऊन आहे, कुठे सावली आहे ते कागदावरच्या कच्च्या नकाशात खुणा करून ठेवा. पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा फसवी असते. सकाळभर थंड सावली दिसते आणि दुपारी दोननंतर भिंत तव्यासारखी तापते. सावलीची म्हणून लावलेली रोपं तिथे महिन्याभरात करपतात. उत्तरेची बाजू "कायम सावलीची" असं सरसकट धरलं जातं, पण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांसाठी ते खरं नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस काही आठवडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो, आणि वर्षभर सावलीत वाढलेल्या नाजूक पानांवर नेमकं तेव्हाच ऊन पडतं. एकाच ऋतूत केलेला नकाशा अर्धवट असतो हे ध्यानात ठेवा.

पाऊस पडत असताना छत्री घेऊन एक फेरी माराच. पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे तुंबतं, छज्जाखालची कुठली पट्टी भर पावसातही कोरडी राहते, हे दहा मिनिटांत कळतं. वळचणीची ती कोरडी पट्टी झाडांसाठी सर्वांत वाईट. तिथे काहीही लावलं तरी ते आयुष्यभर तुमच्या पाण्यावर जगणार. नकाशावर नळ, सांडपाण्याची झाकणं, पाण्याची टाकी, विजेचा मीटर आणि एसीचं बाहेरचं यंत्र यांच्याही खुणा करा. यंत्राच्या गरम हवेच्या झोतात मीटरभर अंतरात काही लावायचं नाही. झाकणावर वाफा करायचा नाही. ते उघडायची वेळ येते तेव्हा भरलेला वाफाच उकरावा लागतो.

आता माती. नवीन घराभोवती जी असते तिला माती म्हणणं धाडसाचंच. वरचा हातभर थर पायाच्या खोदाईतला मुरूम, त्यात सिमेंटचा चुरा, प्लास्टरचे तुकडे, विटांचे खडे, मधूनच तारेचा तुकडा आणि फरशीच्या कपच्या. त्यावरून वाळूचे ट्रक गेलेले, त्यामुळे खालचा थर दगडासारखा दबलेला. हा राडारोडा नुसता कुरूप नसतो. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग एक्झोराची आणि गार्डेनियाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मालक खतामागून खत घालत बसतो. भिंतीपासून मीटरभराच्या आत हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो, कारण प्लास्टर करताना पडलेला माल तिथेच मातीत मिसळलेला असतो.

म्हणून आधी चार-पाच जागी टिकावाने फूटभर खोल खड्डे घेऊन बघा. राडारोडा दिसला तर चाळून, वेचून बाहेर काढा; त्याला दुसरा उपाय नाही. मातीचा पोत समजायला एक साधी युक्ती आहे. काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वरून पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा (म्हणजे वाळूहून बारीक गाळ) तासा-दोन तासांत, आणि चिकणमाती बसायला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थरांच्या जाडीवरून कशाचं प्रमाण किती ते डोळ्यांना दिसतं. निचरा बघायचा तर 30 सेंमी खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी घेऊन बसा. दुसऱ्या वेळी तासाला 2 ते 5 सेंमी पाणी उतरलं तर उत्तम. एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर तिथे वाफा जमिनीपासून 15-20 सेंमी उंच करावा लागेल, म्हणजे गादीवाफाच.

दबलेला थर फोडायचा तो वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना ठणठणीत कोरडी अशी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टिचकी मारा. गोळा फुटला तर माती कामाला तयार, चिखलासारखा चिकटला तर चार दिवस थांबा. चिकणमाती ओली असताना एकदा तुडवली की तिची ढेकळं पुढे दोन वर्षं छळतात. फोडलेल्या मातीवर 5 सेंमी जाडीचा कुजलेल्या खताचा थर पसरून तो वरच्या वीतभर मातीत मिसळा. दर चौरस मीटरला 50 लिटर खत, असा हिशोब. शेणखत वापरणार असाल तर ते पूर्ण कुजलेलं हवं. हाताला चहाच्या चोथ्यासारखं लागलं पाहिजे आणि वास मातीचा आला पाहिजे. अर्धकच्च्या शेणखतात तणाचं बी जिवंत असतं, आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने सगळ्या वाफ्यात पेरता.

याहून मोठी चूक मी स्वतःच्या घरी केली आहे. घाई होती, राडारोडा वेचायचा कंटाळा होता, म्हणून एक ट्रक माती विकत आणून ओतली. माती दिसायला सुरेख, भुसभुशीत. तीन आठवड्यांत अख्ख्या वाफ्यावर लव्हाळा या तणाचे हिरवे सुया-दोरे उभे राहिले. मातीत त्याच्या गाठी भरलेल्या होत्या. देणाऱ्याने फसवलं असंही नाही. मीच एक घमेलं आधी घरी आणून, ओलं करून, पंधरा दिवस ठेवून बघायला हवं होतं. तेव्हापासून बाहेरची माती आणायचीच झाली तर हे करूनच आणतो.

लव्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घराभोवतीच्या बागा सोडून दिल्या जातात त्या बहुतेक वेळा त्याच्यामुळे. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या निवांत झोपून राहतात. आपण उपटलं किंवा खणलं की माळ तुटते आणि झोपलेली प्रत्येक गाठ जागी होते. एका रोपाची दहा रोपं होतात ती अशी. त्याचे टोकदार कोंब पुठ्ठ्यातून आणि पातळ प्लास्टिकमधूनही वर येतात. त्याचा उपाय म्हणजे उपासमार. वर आलेलं प्रत्येक पान दर दहा-पंधरा दिवसांनी मातीलगत कापत राहायचं, फुलोरा कधीच येऊ द्यायचा नाही, आणि हे एक अख्खा पावसाळा न चुकता करायचं. गाठींमधला साठा संपत जातो. दुसरी गोष्ट, लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दाट झुडपांखाली तो किरटा होत जातो. त्यामुळे ज्या बाजूला त्याचा उपद्रव जास्त, तिथे नाजूक बुटकी रोपं न लावता जमिनीवर गर्द सावली करणारी झुडपं लावावीत. तणनाशकांवर ठिकठिकाणी वेगवेगळे निर्बंध आहेत. घराच्या पायरीशी, पोरं-कुत्री फिरतात तिथे, मी ती वापरत नाही.

हरळीचं वेगळं. ती वरून धावते तशी खालूनही धावते, पण चिकाटीने मुळ्यांसकट काढली तर निघते. माती भुसभुशीत करून काटेरी फावड्याने उचलायची, मुळीचा बोटभर तुकडाही मागे ठेवायचा नाही. वाफ्याच्या कडेने शेजारच्या हिरवळीतून ती पुन्हा शिरू नये म्हणून काठावर 15 सेंमी खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा चर ठेवा आणि वर्षातून दोनदा तो फावड्याने साफ करा. विटांची देखणी किनार हरळीला अडवत नाही, ती विटांच्या फटीतच घर करते आणि मग तिथून निघत नाही.

बाकीच्या साध्या, बियांपासून येणाऱ्या तणासाठी दोन उपाय. कडक उन्हाळा हाताशी असेल तर वाफा सपाट करून भरपूर भिजवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळं प्लास्टिक उष्णता स्वतःच शोषतं, माती त्यामानाने कमी तापते. वरच्या थरातलं बरंचसं बी आणि काही रोगजंतूही त्यात मरतात, लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात. दुसरा उपाय फुकटचा आहे आणि मला जास्त आवडतो. वाफा तयार करा, पाणी द्या, आणि काहीही लावू नका. आठ-दहा दिवसांत तण उगवेल. खुरपीने वरचा बोटभर थर खरवडून ते कापा, माती खोल उलथू नका. पुन्हा पाणी, पुन्हा खरवड. असं दोन-तीनदा केलं की वरच्या थरातला बियांचा साठा रिकामा होतो. रिकाम्या वाफ्याकडे महिनाभर बघत बसायला धीर लागतो, शेजारीपाजारी विचारतातही.

तण अडवणारं काळं कापड घालू का, असं नेहमी विचारलं जातं. घालू नका. पहिलं वर्ष छान जातं. मग कापडावर धूळ आणि पालापाचोळा साचून नवी माती तयार होते, तण त्यात उगवतं आणि मुळं कापडातून आरपार खाली घालतं. मग तणही निघत नाही आणि कापडही. मी अशी कापडं वाफ्यातून फाडून काढण्यात जेवढा घाम गाळला आहे, तेवढा ती घालण्यात कुणी गाळला नसेल.

आता वाफ्यांची आखणी. भिंतीला चिकटून वाफा नको. भिंतीपासून निदान 50 सेंमी पट्टी सोडा आणि तिच्यात 10 सेंमी जाडीची खडी भरा. छज्जा जास्त पुढे आला असेल तर पागोळ्या खडीवरच पडतील इतकी ती रुंद करा. चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत, भिंत रंगवायला शिडी लावता येईल, आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर चढायला लागल्या तर लगेच दिसतील. वाफ्यातली माती जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा 15 सेंमी तरी खाली राहिली पाहिजे. माती, खत आणि आच्छादन (मातीवर पसरायचा पालापाचोळ्याचा थर) घालता घालता ती कधी वर जाते हे लक्षातही येत नाही. बाहेरच्या बाजूने कुंपणालगत चालायला अर्ध्या-पाऊण मीटरची वाट ठेवा. तुमच्या अडीच-तीन मीटरमधून मधे साधारण दीड मीटरचा वाफा उरतो, आणि हे माप बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी हात पाऊण मीटर पोचतो, म्हणजे वाफ्यात पाय न ठेवता सगळीकडे पोचता येतं. पाय पडला नाही की माती दबत नाही.

आकार साधा ठेवा. नागमोडी कडा कागदावर मोहक दिसतात, पण प्रत्येक वळण म्हणजे साफ करायची जास्तीची कड.

अंतराबद्दल माझा आग्रह जरा हटवादी आहे. रोपवाटिकेतलं रोप वीतभर असतं, वाफा मोकळा दिसतो, म्हणून माणूस दुप्पट रोपं आणतो. दोन वर्षांत ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि छाटणीचा जन्मठेपेचा खटला सुरू होतो. झुडूप पूर्ण वाढल्यावर किती पसरतं ते विचारा आणि तेवढंच अंतर दोन झुडपांमध्ये ठेवा. भिंतीपासूनचं अंतर त्या पसाऱ्याच्या निम्मं, अधिक 30 सेंमी. खिडकीखाली लावायचं झुडूप असं निवडा की त्याची पूर्ण उंचीच खिडकीच्या चौकटीखाली थांबेल. त्याला कात्रीने थांबवायची वेळ येऊ नये.

सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाफ्याचा हिशोब करून दाखवतो. मागे सव्वा मीटरच्या आसपास पसरणाऱ्या एकाच जातीची पाच झुडपं. पुढच्या 60 सेंमी पट्टीत जमीन झाकणारी एकच जात, 30 सेंमी अंतराने. पट्टीचं क्षेत्र 3.6 चौरस मीटर, आणि 30 सेंमी अंतराने चौरस मीटरला 11 रोपं बसतात, म्हणजे चाळीस रोपं. तिरपी लावली, दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर तिसरं, तर चौरस मीटरला साधारण 13. मग पट्टीला सेहेचाळीस-सत्तेचाळीस लागतात, पण जमीन लवकर झाकली जाते. 45 सेंमी अंतर चालणारी जात असेल तर चौरस मीटरला पाचच. एवढ्या मोठ्या वाफ्यात जाती फक्त दोन. "एवढ्याच?" असं तोंडातून निघतंच. पण वीस जातींची वीस रोपं म्हणजे पाण्याच्या, छाटणीच्या, खताच्या वीस तऱ्हा आणि त्यांच्यामधल्या उघड्या जमिनीवर तण. एका जातीचा सलग पट्टा जमीन झाकतो, त्यातलं परकं रोप लांबूनही ओळखू येतं आणि उपटायला दोन मिनिटं लागतात. आवडीची एकुलती एक झाडं कुंडीत ठेवा, दाराशी. तिथे त्यांच्याकडे रोज लक्ष जातं.

मधल्या मोकळ्या जागेचं पहिल्या दोन वर्षांत काय करायचं? तिथे आच्छादन घाला, किंवा सदाफुलीसारखी अल्पायुषी रोपं लावा. मोठी झुडपं पसरली की ती आपोआप बाजूला होतात.

आता यादी. ही उष्ण हवेची नावं आहेत. जिथे कडाक्याच्या थंडीत दव गोठतं तिथे यातली निम्मी टिकणार नाहीत. कुठेही राहत असाल तरी आधी आसपासच्या जुन्या, दुर्लक्षित आवारांत काय तगलंय ते बघून या. कुणी पाणी घालत नाही तरी जे झुडूप दहा वर्षं उभं आहे, ते तुमच्या मातीची परीक्षा पास झालेलं आहे.

पूर्ण उन्हाच्या बाजूला बुटकी तगर, टेकोमा, हमेलिया, जागा मोठी असेल तर बोगनवेल. हमेलिया दोन मीटरच्या वर जातो, त्याला खिडकीपासून लांब ठेवा. फुलचुखी-शिंजीर पक्षी त्याच्यावर दिवसभर असतात हा वरचा लाभ. कण्हेर दगडातही जगते पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं-कुत्री असतील तर नको. एक्झोरा फक्त माती सिमेंटमुक्त असेल तर. जास्वंद सगळ्यांना हवी असते आणि मलाही आवडते, पण पिठ्या ढेकूण ही पांढरी, रस शोषणारी कीड तिच्यावर हटकून येते, म्हणून कमी देखभालीच्या यादीत मी ती घालत नाही. एखादी लावा, ओळ नको. पुढच्या पट्टीसाठी रेन लिली, स्पायडर लिली, पोर्टुलाका, कोरफड. स्पायडर लिलीच्या कांद्यांचे गड्डे दर तीन-चार वर्षांनी फोडून दुसरीकडे लावता येतात, म्हणजे पुढच्या वाफ्याची रोपं घरचीच.

सावलीत क्लोरोफायटम, स्नेक प्लांट, अग्लोनेमा, मोंडो ग्रास. नेफ्रोलेपिस फर्न जमीन सुरेख झाकतं पण धावतं, त्याला एका बाजूला भिंत किंवा वाट अशी पक्की हद्द हवी. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात कर्दळ आणि सोनटक्का. निचऱ्याशी भांडण्यापेक्षा ओल आवडणारं झाड तिथे लावलं की काम संपलं.

काय लावू नये हेही सांगतो. घाणेरी आणि पिवळ्या फुलांची वेडेलिया या दोन्ही रोपवाटिकांमध्ये "काहीच करावं लागत नाही" म्हणून दिल्या जातात. ते खरंच आहे, आणि तीच अडचण आहे. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक परक्या प्रजातींच्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत दोघींची नावं आहेत. तुमच्या कुंपणापलीकडे त्या जिथे पोचतात तिथून त्यांना काढायला कुणी नसतं. पिवळ्या ड्युरांटाची कातरलेली कुंपणं दिसायला नीटस, पण वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी कात्री मागतात. वड-उंबर कुळातलं काहीही, अगदी कुंडीतून आलेला शोभेचा फायकसही, तीन मीटरच्या पट्टीत नको. झाडाची मुळं फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात, आणि टाकीच्या किंवा सांडपाण्याच्या वाटेवरची एखादी बारीक चीर त्यांना पुरते.

लावणी पावसाच्या सुरुवातीला करा, शक्यतो ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. मोठं, फुललेलं, महागडं रोप घेण्यापेक्षा लहान रोप घ्या. ते लवकर मूळ धरतं आणि दोन वर्षांत बहुतेक वेळा मोठ्याची बरोबरी करतं. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, पण खोली मुळांच्या गोळ्याइतकीच. जास्त खोल खणून खाली खत भरलं की रोप हळूहळू खाली बसतं, बुंधा मातीत गाडला जातो आणि कुजतो. पिशवी कापून पूर्ण काढा. आत मुळ्या गोल गोल फिरलेल्या असतील तर बोटांनी मोकळ्या करा, फार घट्ट असतील तर बाजूने दोन-तीन उभ्या चिरा द्या.

हल्ली बहुतेक रोपं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात, आणि त्यात एक मेख आहे. आजूबाजूची माती ओली असली तरी मधला कोकोपीटचा गोळा कोरडा ठणठणीत होऊ शकतो. पार कोरड्या कोकोपीटमध्ये पाणी पटकन शिरत नाही, बरंचसं बाजूने निघून जातं. मग "पाणी तर रोज घालतो, तरी वाळलं कसं?" असं होतं. लावण्याआधी पिशवी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवा, बाहेरचं थोडं कोकोपीट झटकून मुळ्या मातीला भिडू द्या, आणि पहिले काही आठवडे पाणी थेट गोळ्यावर घाला.

लावून झालं की त्याच दिवशी आच्छादन. वाळका पालापाचोळा, लाकडाच्या ढलप्या, सालींचे तुकडे, जे मिळेल ते 5 ते 8 सेंमी जाड. आपल्या नमुन्याच्या नऊ चौरस मीटर वाफ्याला 7 सेंमीने 630 लिटर लागतं, म्हणजे वाटतं त्याहून बरंच जास्त. आधी जमवून ठेवा. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. आच्छादन मातीत मिसळू नका, मिसळलं तर ते कुजताना झाडांचं नत्र ओढून घेतं. वर राहिलं तर हा त्रास होत नाही. पांढऱ्या गोट्यांचं आच्छादन सहा महिने फोटोत छान येतं. मग त्यात पानं अडकतात, माती साचते, तण येतं, आणि गोटे हाताने उचलून धुवायची वेळ येते.

पाण्याचा नियम एकच, क्वचित आणि खोल. रोज शिंपडलं तर मुळं वरच रेंगाळतात आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात की रोपं माना टाकतात. पहिल्या वर्षी, पाऊस नसेल तेव्हा, दर वेळी चौरस मीटरला 15 ते 20 लिटर. भारी मातीत आठवड्यातून एकदा, हलक्या मातीत दोनदा. ठिबक बसवणार असाल तर 40 सेंमी अंतरावर नळ्या, त्यांवर दर 30 सेंमीला ताशी दोन लिटरची छिद्रं, असं केलं की तासाभरात चौरस मीटरला साधारण 17 लिटर पडतं. गाळणी बसवा आणि नळ्यांची टोकं दोन महिन्यांतून एकदा उघडून धुवा. टायमर सोयीचा असतो, पण तो पावसातही इमानदारीने पाणी सोडतो. पावसाळा लागला की बंद करायची आठवण ठेवा. तेव्हाच पाण्यासाठी रोपांभोवती केलेली मातीची आळीही फोडून मोकळी करा, नाहीतर बुंध्याशी पाणी तुंबतं. दुसऱ्या वर्षी दोन पाण्यांमधलं अंतर दुप्पट करून बघा. झाडं सकाळीही माना टाकलेली दिसली तरच पाणी द्या. भर दुपारी पानं सैल पडणं हे तहानेचंच लक्षण असतं असं नाही.

तुमचे दोन तास यात बसतात का? पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला एका वाफ्याला वीसेक मिनिटं, तण चार पानांचं असतानाच आणि पाऊस पडून गेल्यावर, माती सैल असताना. गाजरगवताचं एक रोप हजारो बिया टाकतं, म्हणून फूल दिसायच्या आत ते गेलं पाहिजे. काढताना हातमोजे घाला, त्याने अंगाला खाज सुटते. दुसऱ्या वर्षी हेच काम महिन्यातून दोनदा. तिसऱ्या वर्षी झुडपं आणि खालची पट्टी भिडली की वर्षातून एकदा आच्छादनाची भर, एकदा वाळक्या फांद्या काढणं, आणि अधूनमधून एक फेरी.

मात्र चारही बाजू एकदम काढू नका, एवढं माझं ऐका. या वर्षी एकच बाजू, शक्यतो दारातून येता-जाता दिसणारी. बाकी तीन बाजूंना तण कापून पुठ्ठे पसरा. चिकटपट्ट्या काढून टाका, कडा एकमेकींवर वीतभर चढवा, भिजवा आणि वर पालापाचोळा टाका. लव्हाळा असेल तिथे पुठ्ठा नको, तिथे कापणी चालू ठेवा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुठ्ठ्याखालची माती गांडुळांनी बरीचशी भुसभुशीत केलेली असेल, आणि पहिल्या वाफ्यातलं क्लोरोफायटम आणि रेन लिली तोपर्यंत वाढून फुटव्यांना आलेली असतील. दुसऱ्या बाजूची निम्मी रोपं तिथूनच निघतील.